मानसिक आरोग्याची सर्वेक्षणं: टक्केवारी छापून येण्याआधीचं काम

निळी शाई

‘दर पाच जणांत एकाला नैराश्य’ अशी बातमी आली की तिच्याखाली हमखास कुणीतरी लिहितं, “मला तर कधी कुणी विचारलं नाही, मग हा आकडा आला कुठून?” लोक हे चिडून लिहितात, पण प्रश्न अगदी रास्त आहे. त्या विचारायला जाणाऱ्यांपैकी मी एक. मानसिक आरोग्याची सर्वेक्षणं हेच माझं काम. आधी घरोघरी मुलाखती घेतल्या, मग प्रश्नावल्या आणि नमुना आखणं आलं, आता बराचसा वेळ दुसऱ्यांची सर्वेक्षणं तपासण्यात जातो. ‘या क्षेत्रात यावं का?’ असं विचारणारे भेटत असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आम्ही डॉक्टर नाही. समोरच्याचं निदान करून औषध देणं आमच्याकडे नसतं. किती लोकांना त्रास आहे, कुणाला जास्त आहे, त्यातले किती जण उपचारांपर्यंत पोचतात आणि बाकीचे कुठे अडतात, हे शोधायचं. दवाखान्यात बसून ते कळत नाही, कारण तिथे फक्त आलेले दिसतात. बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतल्या ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखती झाल्या. त्या वेळी मानसिक आजार असलेल्यांचं प्रमाण १०.६ टक्के निघालं, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. यातला दुसरा आकडा कुठल्याही केसपेपरवरून निघाला नसता.

पण रक्तदाब मोजावा तसं हे मोजता येत नाही. माणसाला विचारावं लागतं आणि तो सांगेल ते लिहून घ्यावं लागतं. त्यामुळे या पेशाचं सगळं कसब कसं विचारलं, कधी विचारलं आणि कुणाला विचारायचं राहून गेलं, यात आहे. याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतलं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ‘एपिडेमिऑलॉजिक कॅचमेंट एरिया’ नावाचा मोठा अभ्यास झाला, पाच ठिकाणी मिळून सुमारे २०,००० लोकांचा. आयुष्यात कधीतरी तीव्र नैराश्य येऊन गेलेल्यांचं प्रमाण त्यात ५-६ टक्क्यांच्या आसपास होतं. मग १९९०-९२ मध्ये संशोधक रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी ‘नॅशनल कोमॉर्बिडिटी सर्व्हे’ केला. त्यात हाच आकडा १७ टक्के. दहा वर्षांत एवढे लोक खचले? वयोगट वेगळा होता (१५ ते ५४), निकषही थोडे बदलले होते. पण एक कारण प्रश्नांच्या क्रमात दडलेलं होतं.

अशा मुलाखतीत प्रत्येक आजाराच्या भागाच्या तोंडाशी एक चाळणी-प्रश्न असतो. उदाहरणार्थ, सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ उदास वाटत राहिलं, असं कधी झालंय का? ‘हो’ म्हटलं की मागून उपप्रश्नांची रांग. असे दोन-तीन भाग झाले की उत्तर देणाऱ्याच्या लक्षात येतं, ‘हो’ म्हणजे अजून अर्धा तास. मग तो ‘नाही’ म्हणून सुटतो. त्याला फसवायचं नसतं, तो थकलेला असतो. केसलर यांच्या गटाने सगळे चाळणी-प्रश्न उचलून मुलाखतीच्या सुरुवातीला एकत्र आणले आणि त्याआधी ‘सावकाश, नीट आठवून सांगा’ अशी विनंती घातली. कोणत्या उत्तराच्या मागे किती प्रश्न आहेत हे ठाऊक नसताना लोक मोकळेपणी बोलले. एवढ्याशा बदलाने केवढी माणसं मोजणीत येतात किंवा गळतात!

हे वाचून ज्याचे कान टवकारले, त्याने या क्षेत्राचा विचार जरूर करावा.

कोरा कागद

ताई, धाग्यासाठी मनापासून आभार. मी संख्याशास्त्रात एमएस्सी करतोय, शेवटचं वर्ष. सर्वेक्षण म्हणजे ऑनलाइन फॉर्म फिरवायचा आणि आलेल्या उत्तरांचे तक्ते करायचे, अशीच माझी समजूत होती. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. संख्याशास्त्रातून आलेल्यालाही आधी मुलाखती घ्याव्या लागतात का? आणि नैराश्य तपासणाऱ्या पीएचक्यू-९ सारख्या तयार प्रश्नावल्या जगभर वापरात असताना आपण वेगळं करायचं काय उरतं?

बेरीज

@कोरा कागद, दुसऱ्याचं उत्तर मी देतो. नमुना (कुणाला विचारायचं ती निवड) आणि भारांक (एकेकाचं उत्तर किती जणांसाठी मोजायचं तो आकडा) हे माझं खातं.

पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त गुण आले तर नैराश्य असू शकतं, पुढे तपासा. २००१ मध्ये ही प्रश्नावली ज्या अभ्यासात मांडली गेली, त्यात या उंबरठ्यावर नैराश्य असलेले ८८ टक्के लोक ओळखले गेले आणि नसलेले ८८ टक्के लोक बरोबर बाजूला निघाले. ऐकायला उत्तम. आता कागद-पेन घे.

समजा १,००० माणसं आहेत आणि त्यातल्या ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. ५० पैकी ४४ पकडले जातील. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जण आजार नसताना १० किंवा त्याहून वर जातील. एकूण १५८. खरं प्रमाण ५ टक्के, छापून येणार जवळजवळ १६ टक्के! प्रश्नावली वाईट नाही. दवाखान्यात आलेल्यांपैकी कुणाकडे नीट लक्ष द्यायचं हे ठरवायला ती आहे, आणि ते काम ती चोख करते. लोकसंख्येतलं प्रमाण काढायला ती जशीच्या तशी वापरली की घोळ होतो. ४४ अभ्यासांचा डेटा एकत्र करून २०२० मध्ये तपासणी झाली, तेव्हा पीएचक्यू-९ वर १० किंवा जास्त गुण असलेले २४.६ टक्के होते आणि सविस्तर निदान-मुलाखतीत तीव्र नैराश्य निघालेले १२.१ टक्के. दुप्पट फरक.

यावर एक उपाय म्हणजे दोन टप्पे. सगळ्यांना छोटी प्रश्नावली द्यायची, मग त्यातल्या निवडक लोकांची प्रशिक्षित माणसाने सविस्तर मुलाखत घ्यायची. त्या निवडीत कमी गुणवालेही काही घ्यावे लागतात, नाहीतर चाळणीतून किती निसटले हे कळायची सोयच राहत नाही. इंग्लंडमध्ये १९९३ पासून चालू असलेल्या सर्वेक्षण-मालिकेत काही आजारांसाठी असे टप्पे असतात. मग दोन्ही टप्प्यांचे भारांक काढणं, एकाच गावातले किंवा वस्तीतले लोक गटाने निवडल्यामुळे वाढलेली त्रुटी धरणं, उत्तर न देणाऱ्यांचा हिशोब लावणं. तुझ्यासारख्याला काम कमी पडणार नाही.

पायवाट

मुलाखतींबद्दल मी सांगते, मी मैदानावरची, म्हणजे घरोघरी मुलाखती घेणारी तुकडी सांभाळते. घ्याव्या लागतातच असं नाही, पण घ्याव्यात. निदान पूर्वचाचणीत तरी.

नव्या मुलाखतकाराला सगळ्यात जड जाणारा नियम म्हणजे प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा. समोरचा गोंधळला की आपण आपुलकीने समजावायला जातो, आणि समजावता समजावता उत्तर त्याच्या तोंडात घालतो. ‘म्हणजे तसं फार काही नाही ना?’ एवढं पुरतं. पुढे ‘नाही’च येणार. म्हणून आम्ही परवानगी घेऊन केलेली ध्वनिमुद्रणं ऐकतो. कुणाच्या मुलाखतींत ‘हो’चं प्रमाण बाकीच्यांपेक्षा फारच कमी दिसलं, तर आधी त्याच्या मुलाखती काढून बसायचं. बरेचदा तो लवकर आटपायच्या नादात शेवटचे शब्द गिळत असतो.

दुसरी अडचण म्हणजे खोलीतलं तिसरं माणूस. जोडीदार किंवा आईवडील शेजारी बसले असतील तर दारू, मारहाण, जीव द्यायचे विचार, सगळ्याची उत्तरं बदलतात. ‘तुम्ही जरा बाहेर जाता का?’ असं त्यांच्याच घरात म्हणणं सोपं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सीआयडीआय या ठरावीक प्रश्नांच्या निदान-मुलाखतीत यासाठी एक सोय आहे, ती मला फार आवडते. ज्याला वाचता येतं त्याच्या हातात पुस्तिका असते आणि आत्महत्येसंबंधीचे अनुभव तिच्यात अक्षरं घालून छापलेले असतात. मुलाखतकार एवढंच विचारतो, ‘अनुभव अ तुमच्या बाबतीत कधी घडलाय का?’ शेजारच्याला काही कळत नाही आणि उत्तर देणाऱ्याला ते शब्द उच्चारावे लागत नाहीत.

हे सगळं टेबलाशी बसून सुचत नाही. कुणीतरी त्या खोलीत बसून आलेलं असतं.

मनोवैद्य

धागा आवडला. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझा एक मूलभूत आक्षेप आहे. निदान म्हणजे खुणांची बेरीज नव्हे. जवळचं माणूस गेलं, नोकरी सुटली, की दोन आठवडे झोप, भूक, उत्साह सगळं हरवून बसणं स्वाभाविक आहे. प्रश्नावलीत तो माणूस रुग्ण ठरतो. वर ज्या दोन अमेरिकी अभ्यासांची चर्चा झाली, त्यांच्याच डेटावर २००२ मध्ये पुन्हा काम झालं. आयुष्यात बराच अडथळा आला का, एखाद्या व्यावसायिकाला त्रास सांगितला का, औषध घेतलं का, अशी अट लावल्यावर वर्षभरात कुठलातरी मानसिक आजार असलेल्या प्रौढांचं प्रमाण २८-३० टक्क्यांवरून १८.५ टक्क्यांवर आलं.

हे केवळ शास्त्रीय काटेकोरपणासाठी म्हणत नाही. सगळेच रुग्ण ठरले की ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याच्या घरच्यांनी हात टेकलेत, तो गर्दीत मागे ढकलला जातो. त्याची बाजू मांडायला कुणी नसतं.

धुकं

मी उत्तर देणाऱ्यांच्या बाजूचा. एका सर्वेक्षणात आमचं घर निवडलं गेलं होतं. तेव्हा मी आतून पार रिकामा झालो होतो, पण कामावर जात होतो, चारचौघांत हसत होतो. कुणाला सांगितलं नव्हतं, औषध घेतलं नव्हतं. ‘अडथळा आला का?’ असं विचारलं असतं तर ‘थोडाफार’ म्हणालो असतो, कारण एकही रजा घेतली नाही याचाच मला अभिमान होता. मनोवैद्य, तुमच्या अटीत मी बसलो नसतो.

त्या बाईंनी विचारलं, गेल्या ३० दिवसांत किती दिवस नेहमीची कामं अजिबात करता आली नाहीत? मी म्हटलं, शून्य. मग विचारलं, किती दिवस कामं झाली, पण त्यासाठी नेहमीपेक्षा खूप जास्त कष्ट पडले? मी थांबलो. बराच वेळ थांबलो. त्या काही बोलल्या नाहीत, घड्याळ पाहिलं नाही, प्रश्न पुन्हा वाचला नाही. मी म्हटलं, तीस. त्यांनी ३० लिहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला.

त्यांनी कीव केली असती तर मी तिथेच मिटलो असतो. जाताना त्या सगळ्याच घरांना देत असलेला मदतीच्या ठिकाणांचा छापील कागद ठेवून गेल्या. पुढे केव्हातरी मी त्यातल्या एका नंबरवर फोन केला.

निळी शाई

धुकं, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमची हरकत नसेल तर मुलाखतकारांच्या प्रशिक्षणात तुमचा प्रतिसाद वाचून दाखवेन, नाव-गाव काही न सांगता.

मनोवैद्य, तुमची काळजी मला पटते आणि अटीमागचं कारणही. पण ‘व्यावसायिकाला सांगितलं का’ ही अट लावली की ज्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही तेच आधी गळतात, आणि मुळात त्यांनाच तर शोधायला आम्ही बाहेर पडलेलो असतो. शिवाय आकडा कमी येण्याचीही कारणं आहेत. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा झाला, त्यांच्या वेळोवेळी मुलाखती घेतल्या गेल्या. वयाच्या ३२ वर्षांपर्यंत चिंता, नैराश्य अशा आजारांतून गेलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात जवळजवळ दुप्पट निघालं. तुलना होती, ‘आयुष्यात कधी झालं होतं का?’ असं एकदाच विचारणाऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणांशी. माणसं विसरतात. बरं झाल्यावर त्या दिवसांना आजार म्हणावंसंच वाटत नाही.

आणखी एक बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या जागतिक मानसिक आरोग्य सर्वेक्षणांचे २००४ मध्ये आलेले निष्कर्ष १४ देशांचे होते, मुलाखतीचा आराखडा सगळीकडे एकच. तरी वर्षभरात आजार असलेल्यांचं प्रमाण शांघायमध्ये ४.३ टक्के आणि अमेरिकेत २६.४ टक्के. यातला किती फरक आजाराचा आणि किती सांगण्या-न सांगण्याचा? अनोळखी माणसापुढे मनातलं बोलायची सवय, सरकारी कागदाची भीती, उत्तर न देता दार लावून घेणारे लोक, हे सगळं त्या आकड्यांत मुरलेलं असतं. म्हणून मी एकच टक्केवारी मथळ्यात द्यायच्या विरुद्ध आहे. सौम्य, मध्यम, तीव्र वेगळे दाखवावेत. कामाचे गेलेले दिवस वेगळे, उपचार मिळालेले वेगळे. मग तुमचा तो मागे ढकलला जाणारा माणूसही दिसेल आणि धुकंही दिसतील.

आणि घरोघरी जाणाऱ्या सर्वेक्षणात रुग्णालयात, तुरुंगात, रस्त्यावर राहणारे येतच नाहीत. तीव्र आजार असलेले त्यांच्यात जास्त असतात. ही आमच्या पेशाची खरी उणीव आहे. तिच्यावर स्वतंत्र अभ्यास काढावे लागतात आणि त्यांना पैसा मिळवणं अवघड जातं.

मनोवैद्य

तीव्रतेनुसार वेगळं छापायचं असेल तर माझा विरोध उरत नाही. धुकं, ‘कष्ट पडले का?’ हा प्रश्न मी माझ्या बाह्यरुग्ण विभागात विचारायला लागणार आहे.

कोरा कागद

मी हे सगळं दोनदा वाचलं. आता मनातली भीती विचारतो. आत्महत्येबद्दल विचारल्याने एखाद्याच्या डोक्यात तो विचार आपणच घालतो, असं तर होत नाही ना? आणि कुणी ‘हो’ म्हणालं, तर पुढे काय करायचं?

पायवाट

ही भीती सगळ्यांना असते, म्हणून ती तपासली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शाळकरी मुलांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची विभागणी करून एका गटाला आत्महत्येबद्दलचे प्रश्न विचारले, दुसऱ्याला नाही. विचारलेल्या मुलांत त्रास वाढला नाही, आत्महत्येचे विचारही वाढले नाहीत. जी मुलं आधीच निराश होती, तीही जास्त अस्वस्थ झाली नाहीत.

‘हो’ आल्यावर काय करायचं हे मैदानावर उतरण्याआधी कागदावर ठरलेलं असतं, त्याशिवाय संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या आचारसमितीने परवानगी देऊच नये. विचार केव्हाचे आहेत, आत्ता काही योजना मनात आहे का, हे विचारण्याचा क्रम ठरलेला असतो. धोका दिसला की मुलाखत थांबवायची, माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्या दिवशी जबाबदारी असलेल्या तज्ज्ञाला तिथूनच फोन लावायचा. गोपनीयतेला हा एक अपवाद आहे हे संमती घेतानाच सांगायचं, मागाहून नाही. आणि कागदावरच्या प्रश्नावलीत हे उत्तर आठवड्याने कुणीतरी संगणकात भरताना दिसणार असेल, तर तो प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलाखतकारांचंही बघावं लागतं. दिवसाला किती मुलाखती याला मर्यादा, संध्याकाळी वरिष्ठांशी बोलणं सक्तीचं. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांशी आधी बोलायचं.

बेरीज

ऑनलाइन फॉर्मचा उल्लेख वर आला होता, त्यावर थोडं. उत्तरं भरपूर आली म्हणजे खात्री वाढली, असं नसतं. अमेरिकेत करोनाकाळात फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे २,५०,००० उत्तरं गोळा होत होती. त्यातून काढलेलं लसीकरणाचं प्रमाण २०२१ च्या मे महिन्यात प्रत्यक्षापेक्षा १७ टक्केबिंदूंनी जास्त निघालं (म्हणजे शंभरात १७ माणसं जास्त). लस घेतली की नाही एवढ्या साध्या प्रश्नाची ही गत. मानसिक आरोग्यात तर ज्याला विषय जवळचा वाटतो तोच फॉर्म उघडतो, आणि जो अंथरुणातून उठू शकत नाही तो उघडत नाही. चूक कुठल्या दिशेने झाली हेही मग सांगता येत नाही. नीट निवडलेले दोन हजार लोक मिळवायला पैसा आणि वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही.

निळी शाई

कोरा कागद, नोकरीबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सरकारी सांख्यिकी आणि आरोग्य विभाग, विद्यापीठं, संशोधन संस्था, सर्वेक्षण कंपन्या, स्वयंसेवी संस्था, सगळीकडे हे काम असतं. पण बरंचसं प्रकल्पाच्या मुदतीचं. अनुदान संपलं की करार संपतो, आणि मधला काळ कसा काढायचा याची तयारी हवी. स्वतःचा अभ्यास उभा करायचा असेल तर पीएचडी लागतेच. मुलाखतकारांची नावं निबंधांवर येत नाहीत आणि ते मला खटकतं. जिथे माझं चालतं तिथे मी ती आभारात नव्हे, कार्यपद्धतीच्या भागात त्यांच्या कामासकट घालते.

काम संथ आहे. तयारी, पूर्वचाचणी, परवानग्या यांत महिनेच्या महिने जातात, डेटा साफ करताना त्याहून जास्त. पण सगळं जुळून येतं आणि कुठल्यातरी जिल्ह्यात उपचारच पोचत नाहीत हे पहिल्यांदा कागदावर दिसतं, तेव्हा मी ते काम दुसऱ्या कशाशीही बदलणार नाही.

तुझं गणित पक्कं आहे, त्यामुळे आर किंवा स्टेटा या संगणक-प्रणालींत भारांकित विश्लेषण महिन्याभरात जमेल. त्याआधी हे कर. कुठल्याही मोठ्या सर्वेक्षणाची प्रसिद्ध झालेली प्रश्नावली उतरवून घे, नैराश्याचा भाग काढ आणि ओळखीच्या दोन-तीन जणांना, ज्यांची तब्येत ठीक आहे असं तुला माहीत आहे त्यांना, फक्त प्रश्न मोठ्याने वाचून दाखव. उत्तर मागू नकोस. ‘या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा’ एवढंच विचार आणि ते सांगतील ते शब्दशः लिहून घे. तोच प्रश्न तिघांना तीन तऱ्हेने कळलेला दिसेल. ते टिपण इथे टाक. पायवाट शब्दरचनेकडे बघेल, बेरीज आणि मी नमुन्याकडे.

कोरा कागद

या शनिवार-रविवारी करतो आणि टिपण याच धाग्यावर टाकतो. आत्महत्येचा प्रश्न त्यातून वगळतो, कारण पायवाट म्हणाल्या तशी कुठलीच सोय माझ्याकडे नाही. बरोबर ना?

पायवाट

अगदी बरोबर. वगळच.